सही कधी करायची?

किस्से हे धुऊन वाळत घातलेल्या मोज्यांसारखे असतात. आपण काही ते जमवायला जात नाही, पण एक दिवस ड्रॉवर उघडावा तर हा एवढा ढीग! आणि एकालाही जोडीदार सापडेल तर शपथ. इकडे विलायतेत, ईलिंगमधल्या पोरांच्या एका रविवारच्या फुटबॉल टीमची मी सात वर्षं सेक्रेटरी होते, त्याचा असा ढीग माझ्याकडे पडला आहे. हसत हसत सांगते, कारण रडत सांगितलं तर दुसऱ्यांदा कुणी चहाला बोलावत नाही.

परवाचीच गोष्ट घ्या. स्टॅनमोरहून एका बाईंचा फोन आला. माझा नंबर कुणी दिला देव जाणे.

"काकू, तुम्हाला फुटबॉलमधलं कळतं म्हणे. क्लबवाले मुलाची सही मागतायत. आत्ताच करून टाकू की थांबू?"

"मुलगा केवढा आहे?"

"नऊ वर्षांचा. एप्रिलमध्ये दहा पूर्ण होतील."

"अहो, आधी त्याला स्वतःच्या बुटाची नाडी तरी बांधू द्या!"

बाई खूप हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आमच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, हा प्रश्न चौदाव्या वर्षी यायचा. मुलगा चौदाचा झाला की मोठ्या क्लबचा माणूस फॉर्म घेऊन घरी यायचा. मुलाची सही, आईबापाची सही. एकदा सही झाली की दोन वर्षं दुसऱ्या क्लबकडे बघायचं नाही. साखरपुडाच म्हणा ना! फरक इतकाच, की सोळाव्या वर्षी लग्न करायचं की मोडायचं, हे एकट्या क्लबनं ठरवायचं. पसंत पडलात तर नोकरी, नाही पडलात तर एक पत्र. आणि सही न करता थांबलात, तर जागा दुसऱ्याला. म्हणून जो तो मला विचारायचा, सही कधी करायची?

* * *

सेक्रेटरी मी झाले कशी, ते आधी सांगते.

केन हा आमच्या टीमचा कोच. धंद्यानं दूधवाला. पहाटे लोकांच्या दारात बाटल्या ठेवायच्या आणि रविवारी पोरांना पळवायचं. एका शनिवारी तो आमच्या दारात उभा. मला वाटलं, दुधाबद्दल काही असेल.

"तुमच्याकडे टेलिफोन आहे?"

"आहे."

"टाइपरायटर?"

"आहे." मी तेव्हा कौन्सिलला टायपिस्ट होते, घरी एक जुनं मशीन पडलेलं असायचं.

"मग तुम्ही आमच्या सेक्रेटरी!"

"अहो, पण मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम!" केन म्हणाला. "मागच्याला कळायचं. फार ताप झाला त्याचा!"

टीममध्ये मराठी पोरं तीन. आमचा अमोल, काडीसारखा, पण डावा पाय असा की केन बघतच राहायचा. जोशींचा मंदार गोलकीपर. आणि गायकवाडांचा सिद्धार्थ, ज्याला सगळं ईलिंग सिड म्हणायचं. बाकी इंग्लिश, आयरिश, पंजाबी अशी सगळी भेळ.

सहीबद्दल केनचं मत ठाम होतं. व्हॅनमध्ये बसलं की त्याचं सुरू. "त्यांना तुम्ही एकदाच हवे असता. तेव्हाच सही करून टाका. दुसऱ्यांदा कुणी दार वाजवत नाही!" त्याला स्वतःला पंधराव्या वर्षी क्लबनं बोलावलं होतं. वडील म्हणाले, आधी हाताला काहीतरी काम लागू दे, वर्षभर थांब. त्या वर्षात गुडघा गेला. केन हे सांगायचा आणि गिअर बदलायचा. 

* * *

सीझनची पहिली मीटिंग केनच्या घरी होती. मी आणि आमचे हे, दोघं गेलो. हे रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते, शिफ्टवरून थेट आलेले, पोटात कावळे ओरडत होते. केनच्या बायकोनं सँडविचची ताटली पुढे केली.

हे म्हणाले, "नो, नो, थँक यू."

मीही म्हटलं, "नो थँक यू."

आता आपली पद्धतच ती! पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा "अहो, खरंच नको." आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, थोडंसंच हं" म्हणून पोटभर खायचं. पहिल्या हाकेला जो हात पुढे करतो तो हावरट. आमच्या ह्यांना तर त्यांच्या आईनं हे धपाटे घालून शिकवलेलं.

केनची बायको "राइट यू आर" म्हणाली आणि ताटली घेऊन आत गेली!

आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. हे माझ्या कानाशी म्हणाले, "येईल परत." मीटिंग संपली, कोट घातले, गुड बाय झालं. ताटली काही आली नाही. घरी येऊन मी पोहे टाकले आणि दोघांनी कढईतूनच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सगळ्या लोकांना फोन करून बजावलं. "इंग्रजाच्या घरी पहिल्यांदाच हो म्हणायचं! आग्रह म्हणून काही असतं, हे ह्यांच्या गावीही नाही!" सगळे हसले, सगळ्यांना पटलं. एकट्या ह्यांना पटलं नाही. "आपण कशाला आपली रीत सोडायची?" म्हणाले. मी म्हटलं, "नका सोडू. उपाशी राहा."

* * *

मग तो रेनकोटवाला आला.

सप्टेंबरची सुरुवात, ऊन पडलेलं, आणि हा माणूस मैदानाच्या कडेला टचलाइनवर रेनकोट घालून, हातात फ्लास्क घेऊन उभा. कुणाशी बोलणं नाही, नुसता बघतोय. जोशी वहिनींना वाटलं, टीव्ही लायसन्स तपासणारा सरकारी माणूस आहे. मला हळूच म्हणाल्या, "शैला, आमचं लायसन्स घेतलेलं आहे गं, तरी मला धडधडतंय."

तो निघाला एका मोठ्या क्लबचा स्काउट. गावोगावच्या मॅच बघत फिरायचं आणि पोरं हेरायची, हे त्याचं काम. मॅच संपल्यावर तो केनला म्हणाला, आणि मी संत्र्याच्या फोडी वाटत शेजारीच उभी होते, "गोलकीपर चांगला आहे. ती पुढे खेळणारी दोन एशियन पोरं... नाइस लॅड्स. पण हिवाळा लागला की ही पोरं संपतात."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "एक्सक्यूज मी," मी म्हटलं. "त्यातलं एक पोरगं माझं आहे. तो जानेवारीत जन्मला, इथून दोन मैलांवर. त्या दिवशी बर्फात अँब्युलन्स अडकली होती. तुम्ही त्याला आणखी कोणता हिवाळा दाखवणार आहात?"

त्यानं फ्लास्क या हातातून त्या हातात घेतला. "फेअर इनफ," म्हणाला.

हा माणूस सगळ्यालाच फेअर इनफ म्हणायचा. पुढे हे दोन शब्द आमच्या घरात कुणी उच्चारेनासं झालं.

* * *

पहिलं पत्र मंदारला आलं. येत्या मंगळवारी संध्याकाळी आईवडिलांसह क्लबमध्ये यावं आणि फॉर्मवर सही करावी.

नेमका पितृपंधरवडा!

जोशी भाऊजी अकाउंटंट, कामात अगदी चोख. पत्र घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, एवढं उत्तर टाइप करून द्या. कळवा त्यांना, की आमचा पूर्वजांचा पंधरवडा चालू आहे, अमावास्या झाली की पहिल्या दिवशी हजर होतो."

मी म्हटलं, "भाऊजी, इंग्रजाला काय कळणार पूर्वज आणि अमावास्या? सरळ मंगळवारी जा. माझं ऐका."

"छे, छे! पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. अशा दिवसांत शुभकार्य? उद्या काही कमीजास्त झालं तर?"

केलं बाई टाइप. जमेल तितक्या नम्र इंग्लिशमध्ये.

अमावास्या गेली. जोशी कुटुंब नटूनथटून क्लबवर पोचलं. सहीचं पेन सकाळी देवापुढे ठेवलेलं, ते कोटाच्या खिशात. ऑफिसमधल्या बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "गोलकीपर? तो घेतला की आम्ही गेल्या आठवड्यात." काचेतून एक लाल केसांचा मुलगा दिसत होता. मंदारच्या जागेवर उड्या मारत होता.

येताना गाडीत जोशी भाऊजी समजूत घालत म्हणाले, "पितरांचे आशीर्वाद आहेत, दुसरं काहीतरी चांगलं होईल."

मागच्या सीटवरून मंदार म्हणाला, "आजोबाला खीर मिळाली. मला काय मिळाला?"

जोशी भाऊजी हा किस्सा अजून पार्टीत रंगवून सांगतात. मंदार त्या वेळी उठून खोलीबाहेर जातो.

* * *

त्या वर्षी थंडी अशी पडली की मैदानाची फरशी झाली होती. अमोल आणि सिड एकही रविवार चुकले नाहीत. रेनकोटवालाही चुकला नाही. आणि मार्चमध्ये त्याचा फोन आला. शनिवारी दुपारी अमोलसाठी येतो.

मी इस्त्रीचा टेबलक्लॉथ काढला. शिरा केला, चिवडा केला. अमोलनं कुणी न सांगता शाळेचा ब्लेझर चढवला आणि जिन्यात बसून राहिला, कारण मोठ्यांच्या बोलण्यात मुलांनी बसायचं नाही हाही आमच्या घरचा नियम.

रेनकोटवाल्यानं आतल्या खिशातून फॉर्म काढला आणि बशीशेजारी ठेवला. "आम्हाला अमोल हवा आहे," म्हणाला.

ह्यांचे कान लाल झाले. आनंद झाला की ह्यांचे कान लाल होतात. आमचं लग्न ठरलं तेव्हाही झाले होते. हसत हसत हे म्हणाले, "नो, नो. ही इज सो स्मॉल. नॉट नाऊ."

हे आपलं पहिलं नको.

"यू शुअर?" त्यानं विचारलं.

"येस, येस. लेट इट बी." हे अजून हसतच होते. हे दुसरं नको.

मी ट्रे घेऊन किचनच्या दारात उभी. मला सगळं समजत होतं. मी सगळ्या गावाला फोन करून शिकवणारी बाई! एक पाऊल पुढे टाकून "ही मीन्स येस" एवढंच म्हणायचं होतं. पण पाहुण्यासमोर नवऱ्याचा शब्द कसा खोडायचा, या विचारात मी गप्प राहिले. आजही मला त्याचा राग येतो. ह्यांच्यापेक्षा माझा स्वतःचाच जास्त.

"फेअर इनफ," तो म्हणाला. फॉर्मची घडी केली, खिशात ठेवला. चहा संपवला, शिरा छान झालाय म्हणाला आणि उठला. हे त्याला गेटपर्यंत पोचवायला गेले. गेटपाशी मुद्दाम रेंगाळले, गुलाबाबद्दल काहीतरी बोलले. ते तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होते. तो टाटा करून गेला.

हे आत आले. "विचारील परत," म्हणाले. "तिसऱ्यांदा विचारलं की मी म्हणणारच होतो, बरं, बघू या थोडंसं."

मी जिन्याकडे बघितलं. ब्लेझर पायरीवर पडला होता. अमोल वर निघून गेला होता.

* * *

आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून गायकवाड राहायचे. गायकवाड भाऊ पोस्टात सॉर्टिंगला होते, टपाल वेगळं करून खणांत लावायचं काम. घरी बुद्धाची मूर्ती, महिन्यातून एकदा धम्मवर्ग, आणि पोरांच्या अभ्यासाच्या बाबतीत माणूस पोलादी.

वीस मिनिटांत रेनकोटवाला त्यांच्या दारात. तोच फॉर्म घेऊन.

भाऊंनी आधी त्यालाच प्रश्न घातले. शाळेच्या परीक्षा कधी द्यायच्या? प्रॅक्टिस कुठल्या वारी? सोळाव्या वर्षी सोडलंत तर पुढे काय?

तो कंटाळून म्हणाला, "याला परीक्षांची गरजच पडणार नाही."

भाऊ म्हणाले, "साहेब, तुम्हाला गरज पडली नाही, म्हणून तुम्ही आज पावसात उभं राहून दुसऱ्यांची पोरं बघता!"

बहुतेक तो "फेअर इनफ" म्हणाला असणार. पण भाऊंनी सही केली. पोस्टाच्याच पेननं, तिथल्या तिथे. नंतर मला म्हणाले, "वहिनी, आमच्या आज्याला लोकांनी दारात उभं केलं नाही. आज आपल्या दारात कुणी मागायला आलाय, तर त्याला ताटकळत ठेवायचं नाही."

हे सगळं भाऊ मला त्याच संध्याकाळी आमच्याच घरी सांगत होते. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"सिडची सही झाली! पहिल्याच फटक्यात हो म्हणून टाकलं. तुम्हीच शिकवलंत ना, वहिनी!"

त्यांनी बॉक्स ह्यांच्यापुढे धरला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण हे नको न म्हणता काही घेताना मी पहिल्यांदाच बघितलं. पेढा उचलला, तोंडात टाकला, आणि किती तरी वेळ चघळत राहिले. तो माणूस आधी आमच्याकडे येऊन गेला होता, हे आम्ही दोघांनी गायकवाडांना कधीच सांगितलं नाही.

* * *

पुढच्या रविवारी हे बर्फी घेऊन त्याला शोधायला गेले. मला सांगून गेले नव्हते. ते मला केनकडून कळलं.

रेनकोटवाला पलीकडच्या मैदानावर दुसरीच मॅच बघत होता. पाऊस लागलेला. ह्यांनी डबा उघडून पुढे केला.

"नो थँक्स," तो म्हणाला.

हे म्हणाले, "प्लीज."

"नो, रिअली."

"प्लीज," हे म्हणाले. "वन ओन्ली."

तो वैतागला आणि एक वडी उचलून घेतली. मग हे म्हणाले, आमचा हो आहे. मुलगा तयार आहे, मी तयार आहे, कुठे सही करू?

"सॉरी," तो म्हणाला. "फॉर्म एकच होता. तुमच्या मित्राच्या मुलानं सही केली. तुम्ही नको म्हणालात." आणि वर म्हणाला, "हे छान आहे हां, काय म्हणतात याला?"

हे भिजून घरी आले. डबा टेबलावर ठेवला. "बघ," म्हणाले, "तिसऱ्यांदा विचारलं की तोही घेतो. माणसं सगळीकडे सारखीच." मी टॉवेल दिला. ते डोकं पुसत राहिले, डोकं कोरडं झालं तरी.

* * *

अमोलला हे सगळं सांगा, असं मी ह्यांना किती वेळा म्हटलं असेल!

"काय सांगू?" हे म्हणायचे. "त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून तुझं फुटबॉल गेलं, असं सांगू? पोरगं हसेल मला." आणि मग हळूच, "हसला तरी चालेल. पण त्याला वाटेल, बाप मूर्ख आहे. त्यापेक्षा कडक आहे असं वाटू दे."

अमोल आणखी वर्षभर खेळला. मग एका रविवारी उठलाच नाही. बूट शेडमध्ये गेले. गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये कुणी तरी विचारायचंच, "काय रे, तू फुटबॉल खेळतोस ना?" तो सांगायचा, "बाबा नको म्हणाले." एरवी त्याच्या मराठीत एका वाक्यात चार चुका. हे वाक्य तो बिनचूक म्हणायचा. हे शेजारीच उभे असायचे.

मग मँचेस्टरला शिकायला गेला, तिथेच कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. रविवारी फोन यायचा. माझ्याशी वीस मिनिटं. मग ह्यांच्याकडे फोन दिला की, "ओके, बाबा?" "ओके. तिकडे थंडी?" "हो, थंडी." "बरं." संपलं! ही अशी बारा वर्षं.

* * *

सिडची दोन वर्षं भरली त्या वेळचं सांगते.

क्लबचं पत्र येणार होतं. केननं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "पाकीट जाड असेल तर आत नोकरीचे फॉर्म. पातळ असेल तर उघडूही नका."

गायकवाड भाऊ पहाटेच्या शिफ्टला. नेहमीसारखं टपाल लावत होते, एकेक पाकीट, एकेक खण. आणि हातात आलं ते क्लबचा शिक्का असलेलं, त्यांच्याच घरच्या पत्त्याचं.

पातळ.

त्यांना ते खिशात घालता आलं नाही, नियम नाही. तिथे उघडता आलं नाही. टाकून द्यायचा तर प्रश्नच नाही, बावीस वर्षांच्या नोकरीत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. त्यांनी ते आपल्या रस्त्याच्या खणात नीट लावलं आणि पुढचं पाकीट उचललं.

शिफ्ट संपल्यावर घरी गेले. सिड दारासमोरच्या जिन्यात बसलेला, पोस्टमनची वाट बघत. भाऊंनी चहा केला, त्यालाही दिला, आणि जिन्यात त्याच्या शेजारी बसून राहिले. दुपारच्या टपालानं पत्र आलं. सिडनं उघडलं. तीन ओळी होत्या.

मग त्यानं वडिलांकडे बघितलं. "पप्पा, तुम्हाला माहीत होता?"

"पहाटे पाचपासून," भाऊ म्हणाले.

"मग सांगितला का नाही?"

"पत्र तुझ्या नावाचं होतं बाळा."

आठवड्यानं भाऊ मला रस्त्यात भेटले. सिडनं परीक्षेचे फॉर्म भरले होते, पण जेवत नव्हता. भाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही अमोलला यात पडू दिलं नाहीत, फार शहाणपणा केलात. आम्ही घाई केली."  मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्यांना म्हटलं, "घरी या एकदा."

तेव्हापासून सही कधी करायची हे मला कुणी विचारलं की मी आधी चहा ठेवते. उत्तर माझ्याकडे नाही. हो म्हणालेल्याचं काय झालं, ते मी बघितलं आहे. नको म्हणालेल्याचं काय झालं, ते तर माझ्या घरातच आहे.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा कुणाला सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं कळायचं, पण एकेक शब्द विहिरीतून पाणी काढल्यासारखा यायचा. अमोल मँचेस्टरहून पहिल्या ट्रेननं आला. तीन दिवस रोज यायचा, कोट अंगावर तसाच ठेवून खिडकीपाशी उभा राहायचा. "ओके, बाबा?" हे मान हलवायचे. पुढे काही नाही.

ह्यांचं खाणं जवळजवळ बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. नर्स सकाळ-दुपार-संध्याकाळ यायची, विचारायची, आणि भरलेली वाटी परत घेऊन जायची. चार्टवर रोज तेच लिहिलेलं. जेवण नाकारलं, जेवण नाकारलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती कस्टर्ड घेऊन आली. गोड स्वभावाची पोरगी, दिवसभर धावपळ करणारी. चमचा ह्यांच्या तोंडाशी नेऊन म्हणाली, "लिटल बिट ऑफ कस्टर्ड, डार्लिंग?"

"नो," हे म्हणाले.

"शुअर?"

"नो... थँक यू."

"फेअर इनफ, माय लव्ह," ती म्हणाली आणि वाटी ट्रॉलीवर ठेवून ट्रॉली ढकलायला लागली.

अमोल खिडकीपासून वळला. इतका झपकन, की मी दचकले. त्यानं ट्रॉलीचा दांडा धरला, वाटी उचलली आणि तिच्या हातात परत दिली.

"आस्क हिम अगेन," तो म्हणाला. "यू हॅव टू आस्क हिम थ्री टाइम्स."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा कॉटशी आली, वाकली, आणि तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

ह्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. अमोलकडे बघत होते. कान लाल झाले होते.

"बरं," हे म्हणाले. "थोडंसंच."